थालीपिठाची नाडी पाहणारा

बोट द्या बघू आधी. घाबरू नका, चावतो पण दुखत नाही. नख वरच्या बाजूला. हं, असं. आता हलू नका आणि बोलूही नका, कारण आता मी बोलणार आहे.

मला ओळखलंत? वाळत घातलेल्या कपड्यांना लावतात त्या चिमट्याएवढा मी. पांढरा-निळा रंग, पोटात लाल दिवा. दुकानात मला ऑक्सिमीटर म्हणतात, आमच्या घरात ‘ते बोटाचं’ म्हणतात. बोट आत घातलं की मी दोन आकडे दाखवतो. वर रक्तातला ऑक्सिजन आणि खाली नाडीचे ठोके. एवढंच माझं शिक्षण. पण एवढ्याशा शिक्षणावर मी एका घराला जवळजवळ वर्षभर नाचवलं.

माझा जन्म कुठे झाला ते माझ्या खोक्यावर लिहिलेलं होतं, पण इतक्या बारीक अक्षरात की भिंग आणूनही कुणाला वाचता आलं नाही. इंदूरला मी २०२१च्या त्या वाईट उन्हाळ्यात आलो. तेव्हा माझा रुबाब काय सांगू! सुदामानगरातल्या आमच्या गल्लीत मी एकटाच होतो. सकाळी या घरी, दुपारी त्या घरी. मी चाळीस-पन्नास बोटं पाहिली असतील. तंबाखूच्या वासाची, शाईची, मेंदीची, अंगठी अडकलेली. माणसं माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच श्वास वाटतोय.

मग ते दिवस सरले आणि मला खणात टाकलं. खणात रबरबँड होते, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या आणि मुदत संपलेला बाम होता. बामाशी माझी मैत्री झाली. तोही आपल्या जुन्या दिवसांबद्दलच बोलायचा.

मला खणातून बाहेर काढलं शैलजाने. ती या घरातली आई. इंदूरमध्येच वाढलेली, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. तिचे यजमान समीर पुण्याचे. नोकरीसाठी इकडे आले, त्याला अठरा वर्षं झाली, पण बायकोचं मराठी सुधारायचं काम त्यांनी अजून सोडलेलं नाही. आणि त्यांची मुलगी अबोली, दहावीतली. ती कमी बोलते, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. तिच्यापासून मी जरा जपूनच असतो.

झालं असं. दर डिसेंबरात इंदूरच्या लालबागच्या मैदानावर मराठी मंडळींची तीन दिवसांची जत्रा भरते. तिथे शैलजा आणि तिची मैत्रीण शोभना थालीपिठाचा स्टॉल लावतात. मागच्या वर्षी शेवटच्या संध्याकाळी, तव्यासमोर उभी असताना शैलजाचं हृदय अचानक धावत सुटलं. कुणीतरी बटण दाबावं तसं. तिला हॉस्पिटलात नेलं तेव्हा ठोके मिनिटाला एकशे चौऱ्याऐंशी होते. इंजेक्शन दिल्यावर ते जसे अचानक सुटले तसेच एकदम ताळ्यावर आले.

पुढे तपासण्या झाल्या. हृदयाच्या डॉक्टर तन्वी यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं, “हृदयात विजेची एक जास्तीची वायर असते असं समजा. कधीतरी करंट तिथे गोल गोल फिरायला लागतो. हे परत येईल. घाबरवेल फार, पण तुमचं हृदय मजबूत आहे.” गोळी सुरू केली. शिवाय एक युक्ती शिकवली. ठोके सुटले की खाली बसायचं, रिकाम्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोरात फुंकायचं, लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी पाय उचलून धरायचे. तेवढ्याने थांबलं नाही किंवा चक्कर आली, छातीत दुखलं, तर सरळ हॉस्पिटल गाठायचं.

शैलजाने ऐकलं सगळं. घरी नेलं मात्र एकच वाक्य. हे परत येईल.

त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर रुजू झालो.

खरं सांगतो, मला फार मजा यायची. ती बोट घालायची, मी ब्याऐंशी दाखवायचो. ‘ब्याऐंशी का? मघाशी तर शहात्तर होते,’ असं तिच्या मनात यायचं आणि ते येताच ठोके नव्वद व्हायचे. मी नव्वद दाखवायचो. नव्वद बघून ती घाबरायची, की मी शंभर. शंभर बघून खुर्चीत बसायची, की मी एकशे आठ. यात माझं काय चुकलं? मी तर खरंच सांगत होतो. फक्त ते सांगताना जरा डोळे मिचकावत होतो.

रोज मी तीस वेळा तरी तिच्या बोटावर असायचो. जिना चढण्याआधी, चढल्यावर, चहाच्या आधी, चहाऐवजी. समीरच्या बोटाला लावलं की मी अठ्ठावन्न दाखवायचो. मग ती म्हणायची, “बघा, तुम्हाला कसली फिकीरच नाही आहे.”

“अगं, फिकीर नाही म्हणून ठोके कमी होत नाहीत. आणि ‘नाही आहे’ काय? ‘नाही’ म्हण.”

“पहिले माझी नब्ज नीट होऊ द्या, मग भाषा नीट करा.”

हळूहळू तिचं इंदूर लहान होत गेलं. तिने लिफ्ट सोडली. सिनेमा सोडला. शहराबाहेर सिमरोलला बहिणीने घर बांधलं, त्याच्या वास्तुशांतीला ती गेली नाही, कारण तिथून हॉस्पिटल लांब. कुठेही जायचं म्हटलं की ती आधी मोबाइलवर तिथून हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते बघायची. वर्षभरात तो त्रास खरंच किती वेळा झाला, माहीत आहे? दोनदा. बाकीचे सगळे दिवस तो येईल या धास्तीत गेले.

गोळी सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी डॉक्टर तन्वींनी विचारलं, “ते मशीन दिवसातून किती वेळा लावता?”

“चार-पाच वेळा,” शैलजा म्हणाली.

मी पर्समध्ये होतो. त्या सकाळी माझा अकरा वेळा वापर झाला होता, त्यातला एकदा त्याच दवाखान्याच्या बाथरूममध्ये. अबोली आईशेजारी बसली होती, तिने फक्त पर्सकडे पाहिलं.

“ठोके बिघडले की ते मशीन गोंधळतं,” डॉक्टर म्हणाल्या. “बघायचंच असेल तर मनगटावर दोन बोटं ठेवा आणि घड्याळ लावून मिनिटभर मोजा. आणि तेसुद्धा सारखं नको.”

मला राग आला. गोंधळतो म्हणे. दोन बोटांना काय दिवा आहे का?

नोव्हेंबर आला तशी शोभना घरी आली. बोलणं मोठं, हसणं त्याहून मोठं. पोह्यांवर सेव घालता घालता म्हणाली, “शैलू, काय ठरवून राहिली आहेस? या वेळी तू नाही आलीस ना, तर आपली जागा ते चायनीज भेळवाले घेऊन टाकतील. आज परत विचारून गेले.”

शैलजाने बोट माझ्यात घातलं. चौऱ्याण्णव.

“भाजणी तुझ्या आईची. मला एकटीला ते जमत नाही, यार. मागच्या वेळेस तू गेल्यावर मी चार थालीपिठं लावली, चारही कुत्र्याने सूंघून सोडून दिली.”

शैलजा हसली, पण तिचे डोळे माझ्यावरच होते. तिला जायचं होतं, हे मला तिच्या बोटातून कळत होतं. थालीपिठाचं नाव निघालं की ते बोट जरा हलायचं. पण त्याच तव्यासमोर, त्याच गर्दीत, पुन्हा ते झालं तर? आणि या वेळी नाही म्हटलं, तर पुढच्या वर्षी कुणी विचारायलाही येणार नव्हतं.

“येते,” ती शेवटी म्हणाली. “पण ते बोटाचं बरोबर राहील.”

मी मनात म्हटलं, चला, जत्रा बघायला मिळणार.

आता थालीपीठ कसं लावतात ते तुम्हाला सांगायला नको. ओलं फडकं, त्यावर पिठाचा गोळा, पाण्यात बोटं बुडवून थापायचं आणि शेवटी एका बोटाने भोकं पाडायची. शैलजा ती भोकं उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने पाडते. म्हणजे माझ्याच बोटाने. त्यामुळे डिसेंबरातल्या त्या संध्याकाळी लालबागला थालीपीठ आणि मी, दोघे एकाच बोटावर हक्क सांगत होतो.

गर्दी झाली. थंडी पडली होती आणि परातीशेजारच्या वाडग्यातलं पाणी बर्फासारखं होतं. शैलजा दर चार थालीपिठांनंतर बोट पुसायची आणि मला लावायची. आधी मी अठ्ठ्याऐंशी, नव्वद असं नीट सांगितलं. मग बोट गार पडत गेलं. गार बोटात रक्त कमी येतं आणि मग मला काही दिसत नाही. अशा वेळी मुकाट्याने दोन आडव्या रेघा दाखवाव्यात, हे मला माहीत आहे. पण एवढी माणसं बघत असताना ‘मला दिसत नाही’ असं कबूल कसं करायचं? ठोक्यांच्या जागी मी सुचेल तो आकडा दाखवला. एक्केचाळीस.

शैलजाचा चेहरा भाजणीसारखा झाला. “अहो, एक्केचाळीस,” ती समीरला म्हणाली. “हृदय बंद पडून राहिलं आहे.”

एवढं बोलून ती मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली. उलथनं तिच्या हातात तसंच होतं. ओळ थांबली. समीरने खिशातून गाडीची किल्ली काढली. शोभनासुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा.

अबोली कोथिंबीर धूत होती. तिने मला आईच्या बोटावरून काढलं आणि आपल्या ओल्या, गार बोटाला लावलं. मी काय करणार? पुन्हा एक्केचाळीसच दाखवले. ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. तेव्हाच मला समजलं की आपलं काही खरं नाही.

तिने मला तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या थालीपिठाच्या कडेला लावलं.

मला ते ऊबदार वाटलं, हो. थोडं हललंही. मी सवयीने मोजायला लागलो आणि मोठ्या विश्वासाने आकडे झळकवले. ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव. ठोके शहात्तर.

अबोलीने मला थालीपिठासकट आईसमोर धरलं. ओळीत पुढे उभा असलेला, मफलर गुंडाळलेला माणूस वाकून वाकून बघत होता. तो समीरला अस्सल इंदुरी थाटात म्हणाला, “भिया, इसकी रिपोर्ट ठीक आई हो तो मेरी प्लेट में रख दो.”

आधी शोभना हसली, मग सगळी ओळ. शैलजा हसली ती सगळ्यांत शेवटी, पण अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. “मी एक साल याचं ऐकून राहिले होते,” ती म्हणाली. समीरने भाषा सुधारली नाही. त्यांनी किल्ली खिशात ठेवली.

माझी अब्रू गेली. मला पिठाच्या डब्याच्या झाकणावर ठेवून दिलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढा वाईट ठरलो नसतो. पण तासाभराने शैलजाचा थापता हात थांबला. या वेळी खरंच. तिच्या गळ्याजवळची शीर मला झाकणावरून दिसत होती, टकटकटक. ती माझ्याकडे वळेल म्हणून मी दिवा तयार ठेवला.

ती वळली नाही. तिने दोन बोटं मनगटावर ठेवली, मान हलवली आणि म्हणाली, “अबोली, सिरिंज.” स्टॉलच्या मागे चटईवर बसली आणि फुंकायला लागली. गाल फुगले, चेहरा लाल झाला. समीर घड्याळ बघून मोजत होते. पंधरा झाल्यावर ती मागे आडवी झाली, समीरने एक पाय धरला आणि अबोलीने दुसरा. पडद्यापलीकडे शोभना गिऱ्हाइकांना सांगत होती, “दो मिनट, भाईसाहब, मॅडम योगा कर रही हैं.”

पहिल्यांदा थांबलं नाही. शैलजाने सिरिंजचा दट्ट्या पुन्हा जागेवर आणला. घाबरली नव्हती असं मी मुळीच म्हणणार नाही. समीरने पुन्हा किल्लीकडे हात नेला. “एकदा अजून,” ती म्हणाली, आणि फुंकलं.

दुसऱ्यांदा पाय वर गेले तेव्हा तिने डोळे मिटले आणि तशीच पडून राहिली. मग म्हणाली, “गेलं.”

थोडा वेळ पडून राहिली, पाणी प्यायली. समीर म्हणाले, घरी जाऊ. ती म्हणाली, जाऊ, पण हा घाणा संपवून. खुर्ची तव्याजवळ ओढली, बसूनच गोळा घेतला, थापला आणि माझ्या बोटाने मध्ये भोक पाडलं. माझ्याकडे बघितलंही नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर तन्वींना तिने सगळं सांगितलं, थालीपिठाच्या रिपोर्टसकट. ती वायर कायमची बंद करायची का, यावर आता त्यांचं बोलणं चाललं आहे. भीती गेली असं नाही. अजूनही कधी भाजी चिरता चिरता ती थांबते आणि दोन बोटं मनगटावर जातात. पण मिनिट संपलं की चिरणं पुन्हा सुरू होतं. परवा ती सिमरोलला बहिणीचं घर बघून आली. जाताना हॉस्पिटल किती मिनिटांवर, ते बघितलं. पण गेली.

आणि मी? माझे सेल आता टीव्हीच्या रिमोटमध्ये आहेत. माझी स्प्रिंग अजून घट्ट आहे, म्हणून अबोलीने मला पोह्यांवरच्या सेवेच्या पुडीला चिमटा म्हणून लावलं आहे. इंदूरच्या घरात सेवेची पुडी सांभाळणं काही कमी मानाचं काम नाही. सेव सादळली तर मात्र मला बोलू नका, ती समीर पुडी उघडी टाकतात म्हणून सादळते. आणि तुमच्या घरी माझा कुणी भाऊ असेल, तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हा त्याला जरूर विचारा. रोज तीस वेळा विचारू नका. आम्हाला लाड सोसत नाहीत.

कधीकधी संध्याकाळी शैलजा पोह्यांवर घालायला सेव काढते, तेव्हा पुडीवरून मला काढून गमतीने पहिल्या बोटाला लावते. दिवा लागत नाही. आकडा येत नाही. ती काळ्या काचेत बघते, हसते आणि मला परत पुडीला लावते. तेवढ्या वेळात मला एकच गोष्ट कळते. बोट गरम आहे.