निमियाला धरून चाळीस

डेर्लिस बेनितेसला माणसं जमवता यायची, एवढं त्याच्या वैऱ्यानंही कबूल केलं असतं. ओवियेदोच्या बसस्थानकात त्याची मोबाइल दुरुस्तीची टपरी होती. गिऱ्हाईक फुटक्या काचेचं रडगाणं गात उभं असायचं आणि हा स्क्रू काढता काढता सहज विचारायचा, "गेम-बिम खेळता का काही?" समोरच्यानं मान डोलावली की संपलं. काच बसून फोन हातात पडेपर्यंत तो माणूस 'यागुआरेते'त दाखल झालेला असायचा. यागुआरेते म्हणजे त्याची गिल्ड, इंटरनेटवरच्या लढाईच्या खेळातली टोळी. टोळीची भरती डेर्लिसकडे होती. पगार शून्य, पण चौतीस वर्षांच्या या माणसाला दुसरीकडे कुठे कुणी विचारत नव्हतं, आणि इथे विचारत होतं.

जमवणं सोपं असतं हो, टिकवताना जीव जातो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण या खेळात चारच. नवा माणूस येतो, ढाल-तलवार घेतो, सगळ्यांना नमस्कार घालतो. कुणी ढुंकून बघत नाही. पाचव्या दिवशी तो दुसऱ्या टोळीत. दहा दिवस तोंड न दाखवणाऱ्याचं नाव शनिवारी यादीतून कापायचं, हेही काम डेर्लिसचंच. आणि खेळाचा नियम असा की शनिवारी यादीत चाळीस नावं नसली तर रविवारी किल्ला राखायला उतरताच येत नाही. किल्ला गेला की टोळी फुटते. अशा दोन टोळ्या फुटताना त्यानं पाहिल्या होत्या. काल गळ्यात गळे घालणारी माणसं आज एकमेकांना ओळख दाखवत नव्हती.

तेव्हा त्यानं निमिया तयार केली.

त्याचं निरीक्षण असं होतं की पहिल्या आठवड्यात कुणीतरी तीन वेळा नाव घेऊन चौकशी केली तर माणूस सहसा जात नाही. पण भरती करणाऱ्यानं चौकशी केली तर त्याला वाटतं, हा माल खपवतोय. म्हणून डेर्लिसनं दुसरं खातं उघडलं. नाव वारलेल्या मावशीचं, गाव विय्यारिका, काम इस्पितळात नर्सचं, आणि खेळातही जखमी लोकांना बरं करणारीच. निमिया प्रत्येकाला नावानं हाक मारायची. कुणाची परीक्षा, कुणाची गाय, कुणाचा सासऱ्याशी तंटा, सगळं तिच्या ध्यानात असायचं. ध्यानात कसलं, डेर्लिसच्या गल्ल्याखालच्या वहीत असायचं. एकेका नावापुढे दोन-तीन शब्द. टोळीचा म्होरक्या ब्लास पेशानं खाटीक होता. तो म्हणायचा, "डेर्लिस, तू माणसं आणतोस, पण पोरगी त्यांना बांधून ठेवते बघ. तुझ्यात ते नाही." डेर्लिस हसायचा. त्याला तेव्हा लाज वाटत नव्हती, उलट मनातून गुदगुल्या व्हायच्या.

कातालिनोकाका हे वहीतलं एकतिसावं नाव. त्यापुढे लिहिलं होतं: 'कोन्सेप्सियोन, गुडघा, बायको नाही, मुलगी बुएनोस आइरेसला.' एकसष्ट वर्षांचे काका आयुष्यभर नदीवर होड्या हाकून थकले होते. नातवानं सुट्टीत खेळ शिकवला आणि सुट्टी संपल्यावर तो आईबरोबर परत गेला. खेळ मागे राहिला. टोळीत काकांना फाटकावर उभं करायचे. फाटकावरच्यानं जागचं हलायचं नाही, एवढंच काम, आणि काका हलायचे नाहीत. पोरंटोरं शत्रू पाहून पळायची, काका जागेवर मरायचे, पुन्हा येऊन तिथेच उभे राहायचे. त्यांच्याकडे बघून निदान दहाजण तरी टिकून होते.

दुपारी सगळा देश आडवा झाला की काका निमियाला लिहायचे. "पोरी, आज मासा आणला. एकट्याला जास्त झाला." निमिया विचारायची, "गुडघा कसा आहे काका?" टपरीत पंख्याखाली तेरेरेचा, पानं भिजवलेल्या पाण्याचा, थंडगार घोट घेत डेर्लिस हे लिहायचा आणि त्याच हातानं पुढच्या नावाकडे वळायचा.

फेब्रुवारीत काकांचा लांबलचक निरोप आला. मुलगी मिर्तानं घरामागे एक खोली बांधली होती. छप्पर चढलं, खिडकी बसली, आता ये म्हणत होती. "पण तिथं सगळे कामाला जाणार," काकांनी लिहिलं होतं, "दिवसभर फोन नातवाच्या हातात असणार. खेळ सुटेल. जायचं ठरलं तर उद्याच टोळीतून नाव काढून घेईन, उगाच जागा कशाला अडवू. इथं निदान तुम्ही लोक आहात. तू नर्स आहेस, शहाणी आहेस. जाऊ का नको, तू सांग. तू सांगशील ते करीन."

तो शुक्रवार होता. शनिवारची यादी डेर्लिसच्या समोर होती आणि तीत नेमकी चाळीस नावं होती. रविवारी ज्या टोळीशी गाठ होती तिनं तीन किल्ले गिळले होते.

त्यानं फार विचार केला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मला वाटत नाही. त्यानं विचार केला. चांगला अर्धा घोट भरून केला. मग निमियानं लिहिलं, "काका, मुलीच्या घरी माणूस कितीही झालं तरी पाहुणा. चार दिवस कौतुक, मग एक कोपरा. इथं तुम्ही फाटकावरचे आहात. तुम्ही गेलात तर मी कुणाशी बोलू?"

शेवटचं वाक्य त्याला स्वतःलाही फार छान वाटलं होतं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. "खरंय पोरी. नाही म्हणून कळवलं तिला."

रविवारी किल्ला राखला. काका फाटकावर सतरा वेळा मेले. ब्लासनं आनंदाच्या भरात जाहीर केलं की पुढच्या महिन्यात त्याच्या अंगणात सगळ्यांचं जेवण, बोकड त्याच्याकडून, बाकी ज्याचं त्यानं आणावं.

डेर्लिसनं निमियाच्या नावानं कळवलं की त्या दिवशी तिची इस्पितळात ड्यूटी आहे. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि त्याला वाटलं, सुटलो.

कातालिनोकाका पहाटेच्या बसनं निघून अकराला पोचले. धुतलेला सदरा, एका पायावर जरा भार देऊन चालणं, हातात फडक्यात बांधलेल्या चिपा. मक्याच्या पिठाच्या त्या कडक भाकऱ्या त्यांनी स्वतः भाजल्या होत्या. अंगणात वीसेक माणसं होती. एकमेकांना पहिल्यांदा पाहत होती, आणि बोलायला विषय कोणता, तर निमिया. एकजण म्हणाला, माझी आई आजारी होती तेव्हा ती रोज विचारायची. दुसरा म्हणाला, माझ्या परीक्षेची तारीख मी विसरलो, तिनं आठवण केली. डेर्लिस विस्तवाशी बसून मांस उलटत होता. चेहरा लाल झाला होता, पण विस्तवाजवळ बसल्याचा एवढा फायदा असतो की कुणी कारण विचारत नाही.

"आणि तू रे?" ब्लास म्हणाला. "तुला नाही कधी काही विचारलं तिनं?"

"मला कशाला विचारेल?"

"तेही खरंच. तुझं असतं काय सांगण्यासारखं?"

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते डेर्लिसच्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "पोरा, विय्यारिका इथून तासाभरावर आहे ना? ती येऊ शकत नसेल तर मीच जातो. पाच मिनिटं भेटेन, हे देईन आणि परत फिरेन. तूच तिला टोळीत आणलंस, तुला इस्पितळ माहीत असेल."

"काका, आज गर्दी असते तिथं."

"मी बाहेर थांबेन. मला काय घाई आहे?"

"अरे घेऊन जा की मोटारसायकलवर," ब्लास ओरडला. "एवढा म्हातारा कोन्सेप्सियोनहून आलाय. तू काय उपाशी मरणार आहेस दोन तासांत?"

तिथेच सांगायला हवं होतं. वीस माणसांदेखत तोंड उघडायचं धैर्य झालं नाही आणि तो उठून किल्ली आणायला गेला. माणूस किती नेभळट असू शकतो ते पाहायचं असेल तर हे पाहावं. जी बाई जगात नाही, तिला भेटवायला तो निघाला होता.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस होता. डेर्लिसनं ठरवलं, पहिल्या पुलाशी थांबून सांगू. पूल गेला. मग ठरवलं, पेट्रोल भरताना सांगू. पेट्रोल भरताना काकांनी आरशात पाहून केस सारखे केले आणि विचारलं, "ती मला ओळखेल का रे?" त्यावर त्यानं टाकीचं झाकण गच्च फिरवलं. पुन्हा गाडीवर बसल्यावर काका मागून बोलत राहिले. मिर्ता लहान असताना होडीच्या टोकाला बसून कशी गाणी म्हणायची ते सांगितलं. आणि मग, बोलण्याच्या ओघात, म्हणाले की खोलीत आता मिर्ताची सासू राहायला आली. "मीच म्हटलं, रिकामी कशाला ठेवतेस, दे तिला. आता म्हातारीला ऊठ कोण म्हणणार? ते बरंच झालं म्हणा. निमिया म्हणाली होती ना, मी गेलो तर तिला बोलायला कोणी नाही."

डेर्लिसला ऐकू आलं सगळं. वाऱ्यात उडून गेलं असतं तर बरं झालं असतं. त्याला वाटत होतं की एखादं चाक निखळावं, निदान आपण एकट्यानं पडावं.

इस्पितळाच्या फाटकासमोर त्यानं गाडी थांबवली. काका उतरले, गुडघा चोळला, सदरा खाली ओढला. फडकं छातीशी धरून आत जायला निघाले तेव्हा डेर्लिसनं त्यांचा दंड धरला.

"काका, ती इथं नाही."

"घरी गेली?"

"नाही. ती नाहीच. निमिया नाही. मीच आहे ती. दोन्ही खाती माझी."

काका त्याच्याकडे बघत राहिले. तो थट्टा करतोय की काय, हे आधी तपासून पाहिलं. मग म्हणाले, "गुडघ्याचं रोज विचारायची ते?"

"मीच. वहीत लिहून ठेवलं होतं."

"सगळ्यांचं लिहिलंयस?"

"सगळ्यांचं."

फाटकाला लागून एक बाक होता. काका त्यावर बसले. डेर्लिस उभाच राहिला. शेजारी बसायचा आपल्याला हक्क आहे असं त्याला वाटेना. येणारी-जाणारी माणसं या दोघांकडे पाहून पुढे जात होती. आत कुणी अत्यवस्थ असावं आणि हे दोघे नातेवाईक असावेत, असंच त्यांना वाटत असणार.

"आणि खोलीचं?" काकांनी विचारलं. "जाऊ नका म्हणून लिहिलं ते?"

"तेही."

"का?"

खोटी कारणं त्याच्याजवळ ढिगानं होती. तुमच्यावर माया जडली होती, तुमची काळजी वाटली, असं म्हणता आलं असतं. निमियानं म्हटलंही असतं.

"चाळीस लागत होते," तो म्हणाला. "शनिवारी नेमके चाळीस होते."

"मला धरून?"

"तुम्हाला धरून."

"तिलाही धरून?"

"हो."

"म्हणजे एकोणचाळीसच होतो की." काकांनी हिशेब चुकलेल्या पोराला सांगावं तसं शांतपणे सांगितलं. ते रागावले असते, कानाखाली वाजवली असती तर डेर्लिसनं गाल पुढे केला असता. पण त्यांनी तेवढीही सवलत दिली नाही.

मग त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेऊन एक नंबर शोधला आणि फोन त्याच्या हातात दिला.

"मिर्ता आहे. मी तिला सांगितलं होतं की मला तुझ्याकडे यायचं नाही, माझी माणसं इथं आहेत. तीन आठवडे झाले, ती माझ्याशी धड बोलत नाही. तिला सांग हे."

"काका, तुम्ही बोला. मी काय तोंडानं..."

"मी काय सांगू? कुणाचं ऐकून पोरीला तोडलं म्हणू? तुला दुसऱ्याच्या नावानं छान बोलता येतं. आता आपल्या नावानं बोल."

डेर्लिसनं नंबर लावला. घंटी वाजली. मागे भांड्यांचा आवाज आला, एक मूल ओरडलं, आणि बाई म्हणाली, "हं पापा, बोला."

"मी पापा नाही. मी डेर्लिस बेनितेस. ओवियेदोहून." त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. मग त्यानं सांगितलं. खेळाचं, टोळीचं, निमियाचं, त्या शुक्रवारचं. त्यानं निमियाचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, पाहुण्याचं आणि कोपऱ्याचं. तेव्हा लिहिताना छान वाटलेलं शेवटचं वाक्य त्याला इथे अर्ध्यावर सोडावं लागलं. काका बाकावरून ऐकत होते, इस्पितळाच्या भिंतीकडे बघत.

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला होता.

"पापांनी मला नाही म्हटलं, ते त्या चाळिसासाठी?" तिनं विचारलं.

"त्यांना चाळिसाचं माहीत नव्हतं. ते मला माहीत होतं."

"मग जिंकलात का?"

डेर्लिसनं काकांकडे पाहिलं. हा प्रश्न त्याला आयुष्यात शेकडो लोकांनी विचारला होता आणि त्यानं दरवेळी छाती काढून उत्तर दिलं होतं.

"जिंकलो," तो म्हणाला, आणि त्याला रस्त्यावरच रडू कोसळलं.