इलॅस्टिक बांधलेला भोंगा

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. हातात धरून बोलायचा, मुठीपाशी बटण असलेला, पिवळ्या तोंडाचा. माझ्या वयाच्या वस्तू आपली हकिगत सांगायला बसल्या की लोकांनी आपल्याला कसं अडगळीत टाकलं याचं रडगाणं गातात. माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही. मला लाज वाटते, आणि ती का वाटते एवढंच सांगायचं आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट पोहण्याच्या तलावावर. तिथल्या जीवरक्षकाचा आवाज आधीच खणखणीत, त्यात मी म्हणजे आगीत तेल. "ए निळी टोपी, खोल पाण्यात जाऊ नकोस!" असा पुकारा झाला की पलीकडच्या रस्त्यावरून चाललेली निळी टोपीसुद्धा दचकून उभी राही. पंधरा वर्षं मी हेच केलं. कानावर पडेल ते मोठं करायचं. ते कुणाचं आहे, कशासाठी आहे, हे विचारायची सवय मला लागलीच नाही.

जीवरक्षक निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला आपल्या मेव्हणीला देऊन टाकलं. या मेव्हणीबाई शिवणकाम करत. गावभर सगळे त्यांना मावशी म्हणत. "घे," जीवरक्षक म्हणाले, "तुझा आवाज तुझ्या मशीनच्याही वर जात नाही. मोर्चा काढायला निघालीस म्हणे."

मोर्चा कसला, तर गावातल्या दवाखान्यासाठी. तिथे पूर्वी गर्भपाताची सोय होती. मित्रांनो, एखाद्या बाईला नको असलेलं किंवा तिच्या जिवाला धोका असलेलं गरोदरपण डॉक्टरांकडून सुरक्षितपणे थांबवून घेणं, याला गर्भपात म्हणतात. ती सोय बंद झाली होती. डॉक्टर बदलून गेले आणि दवाखान्याच्या समितीने 'कशाला उगाच वाद' म्हणून दुसरे आणलेच नाहीत. आता बायकांना पाच तास बसने जावं लागे. दोन हजार सह्या जमल्या तरच हा विषय नगरपालिकेच्या सभेत येणार होता.

मावशी या भानगडीत का पडल्या, ते मी त्यांच्याच तोंडून ऐकलं आहे. एका मुलीच्या ड्रेसचं माप घेताना तिने हळूच विचारलं होतं, "मावशी, कुणी ओळखीचं डॉक्टर आहे का हो?" मावशींना टेपवरूनच सगळं कळलं होतं. पण त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या. टाचण्या काढून बोलता आलं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. ती मुलगी घरच्या घरी कसलंसं औषध घेऊन मेली. ड्रेस मावशींच्या कपाटातच राहिला.

तर, मावशी सह्यांचं टेबल घेऊन दर शनिवारी बाजारात उभ्या राहू लागल्या. चाळीस वर्षं कात्री चालवून त्यांचा अंगठा कामातून गेला होता. माझं बटण दाबून धरलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मग त्यांनी शिवणकामाची युक्ती केली. परकराच्या नाडीऐवजी घालतात ते रुंद इलॅस्टिक घेतलं आणि बटणावरून दोन वेढे देऊन मला पक्कं बांधून टाकलं. आता अंगठ्याची गरजच नाही! मावशींच्या सोबत उभे राहणारे निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले, "वा, डोकं म्हणावं ते हे!" मीही फुशारलो. बोलणं संपलं तरी मी चालूच राहतो, यात धोका आहे हे तिघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मावशींना एरवी बोलणं संपलं की वेढे काढायची आठवण राही. एका शनिवारी मात्र राहिली नाही.

मी टेबलावर होतो, तोंड रस्त्याकडे. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवणारी, उतरवणारी एक ताई आली. मुलं तिला बसताई म्हणत. तिने सही केली, मग इकडेतिकडे पाहून माझ्या पाठीशीच वाकली आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "मावशी, मी पण केलाय. दोन वर्षं झाली. घरी कुणालाच माहीत नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. पहाटेच्या बसने गेले, रात्री आले. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर."

तिचा शब्दन् शब्द बाजारभर गेला.

पाववाला ओरडला, "अहो, भोंगा! भोंगा बंद करा!" मावशींच्या बोटांना वेढे सुटेनात. बसताई रडली नाही. पेन टेबलावर ठेवून सरळ चालू लागली आणि माणसं बाजूला होऊन तिला वाट देत राहिली.

आता माझ्या लाजेचं खरं कारण ऐका. ती बोलत होती तेव्हा मला बरं वाटलं. इतका खरा आवाज माझ्यातून कधी गेलाच नव्हता. सगळा बाजार स्तब्ध झाला आणि मला वाटलं, हे माझं कर्तृत्व.

त्या दुपारी टेबलासमोर रांग लागली. दोन हजारांचा आकडा पार झाला.

दुसऱ्या दिवशी मावशी मला पिशवीत घालून बसताईच्या घरी गेल्या. तिने दार अर्धंच उघडलं. नवरा बोलत नव्हता. शाळेने 'काही दिवस येऊ नका' असं कळवलं होतं.

"माझं चुकलं गं," मावशी म्हणाल्या. "हा भोंगा आणलाय. फोडून टाक हवं तर."

"त्याला फोडून काय होणार?"

मावशी तिथेच थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण पोस्टमनकाकांनी त्यांच्या डोक्यात एक किडा सोडला होता. त्या चाचरत म्हणाल्या, "आता सगळ्यांना कळलंच आहे, तर... सभेत दोन शब्द बोलशील?"

बसताईने दार आणखी लोटलं. "मावशी, माफी मागायला आलात का मला न्यायला आलात?"

दार लागलं. मावशी पायरी उतरून चालू लागल्या. त्यांची मान इतकी खाली गेलेली मी कधी पाहिली नव्हती.

सभेत मावशी स्वतःच बोलल्या. टाचण्यांची गोष्ट सांगितली, आपण कशा गप्प राहिलो ते सांगितलं. बसताईचा उल्लेखही केला नाही. ठराव मंजूर झाला. दर गुरुवारी आता दवाखान्यात डॉक्टर येतात. पोस्टमनकाकांनी मला तिथल्या काचेच्या कपाटात ठेवून खाली चिठ्ठी लावली, 'विजयाचा मानकरी'. मावशी त्या कपाटासमोरून जाताना दुसरीकडे बघतात.

बसताईला शाळेने परत बोलावलं नाही. ती गाव सोडून गेली.

मित्रांनो, बोलून झालं की भोंग्याचं बटण सोडत जा, आणि कुणी विश्वासाने जवळ येऊन काही सांगितलं तर ते पुढे नेऊ नका, कितीही चांगल्या कामासाठी का असेना. मला तोंडच तेवढं आहे. माफी मागायची तर दुसऱ्या कुणाला तरी माझ्यात बोलावं लागतं. म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यातल्या कुणाला तिने कधी हात धरून बसमध्ये चढवलं असेल, आणि ती कुठे दिसली, तर तिला काही विचारू नका. तिने काहीच वाईट केलं नव्हतं. नुसतं 'बसताई!' म्हणून हात करा.