पिवळा बिल्ला

हे लिहावं की नाही, यावर माझे दोन महिने गेले. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका काढण्यात आयुष्य घालवलं. स्वतःची चूक लिहायची वेळ आल्यावर पेन उचलत नाही.

माझी पत्नी शेवटची चार वर्षं कमी ऐकायची. राजारामपुरीतल्या ज्या डॉक्टरांकडून कानाचं मशीन घेतलं, त्यांनी सोबत एक पिवळा बिल्ला दिला होता. त्यावर कानाचं चित्र आणि खाली 'मला कमी ऐकू येतं. समोर येऊन बोला.' तो ती आपल्या कापडी पिशवीला लावायची. "बहिरेपण दिसत नाही, बिल्ला दिसतो," असं म्हणायची. गेल्या वर्षी ती गेली. मशीन डॉक्टरांना परत दिलं, पिशवी घरात राहिली.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी शिरोली एमआयडीसीतल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायला जातो. सिटी बसने पाऊण तास लागतो. पुस्तक उघडावं तर शेजारचा माणूस विचारतोच, "पावणं, कुठं निघालासा?" मग गाव कुठलं, पोरं किती, पुस्तकात काय लिवलंय. यात वाईट काही नाही. आमच्याकडे न विचारणं हाच उद्धटपणा. पण मला उत्तरं जमत नाहीत. पत्नी बरोबर असली की तीच द्यायची. तिला प्रश्न ऐकू यायचा नाही, पण प्रश्न ठरलेलेच असल्याने उत्तरं बरोबर निघायची. आता ती गेली, हे अनोळखी माणसाला किती वेळा सांगायचं?

एका शुक्रवारी माझी पिशवी उसवली म्हणून तिची घेतली. शेजारच्याने "कुठलं पावणं?" विचारलं आणि त्याची नजर बिल्ल्यावर गेली. मान हलवून तो गप्प झाला. शिरोलीपर्यंत मी चाळीस पानं वाचली. पुढच्या मंगळवारी बिल्ला माझ्या शर्टाच्या खिशावर होता. तो मीच लावला.

त्या गाडीवर सयाजी नावाचा कंडक्टर असायचा. आवाज दांडगा, पण माझ्यासमोर वाकून तो खुणांनी विचारायचा. माझा थांबा आला की गर्दीतून मागे येऊन खांद्यावर थोपटायचा. "उठा रं, आजोबास्नी बसू द्या, ऐकू येत न्हाय त्येनला," असं म्हणून कॉलेजच्या पोरांना उठवायचा. ऐकू न येण्याचा आणि बसण्याचा संबंध काय, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. असे तीन महिने गेले. माझ्याबद्दल माझ्यासमोरच बोलणं चालायचं. "बायकू भांडली तर ह्येला काय फरक पडतोय? सुखी माणूस!" मी पान उलटायचो.

मग एकदा धोंडुबाई नावाची भाजीवाली शेजारणीला सांगत होती, "पोरगं म्हणालं, आई, मोबाइलमधी बघ, मी दिसतोय. बघितलं तर कोपऱ्यात एक म्हातारी. मी बोलले की तीबी बोलतीया. म्हटलं, ही कोण सटवी आमचं ऐकत बसलीया?"

मी मोठ्याने हसलो.

"आगं बाई!" धोंडुबाई ओरडली. "म्हंजे माझ्या सुनंबद्दल बोललेलं समदं ऐकलंय ह्येनं!"

बस हसली. सयाजी हसला नाही. "तीन महिनं गर्दीतनं मागं येतोय मी तुमच्यापायी," एवढंच म्हणाला. मी पुढच्याच थांब्यावर उतरलो आणि राहिलेलं अंतर चालत गेलो.

तीन आठवडे मी उशिराची गाडी धरली. चौथ्या मंगळवारी छापखान्यात लवकर बोलावलं, म्हणून पुन्हा ती बस. टोपी खाली ओढून मागे बसलो. बिल्ला घरीच होता.

राजारामपुरीतच एक विशीतली मुलगी चढली आणि माझ्या पुढच्या बाकावर बसली. तिच्या ओढणीवर तसाच पिवळा बिल्ला होता. तिने सयाजीला कागद दाखवला आणि जरा सपाट आवाजात म्हणाली, "मला ऐकू येत नाही. फाट्यावर उतरवाल का? दहाला मुलाखत आहे."

सयाजीने मान डोलवली. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "असलं बिल्लं लई बघितल्यात."

मुलगी निर्धास्तपणे मोबाइलवर काहीतरी घोकत बसली. गर्दी इतकी की खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं. फाटा आला. सयाजी दारातून ओरडला, "फाटा! फाटा!" दोघं उतरले. तो मागे आला नाही. मुलगी वाचतच होती. मी हात लांब केला असता तर तिचा खांदा होता. परक्या मुलीला हात कसा लावायचा, सयाजी येईलच, मी ओळखला जाईन, एवढा विचार करेपर्यंत घंटी झाली आणि गाडी सुटली.

"थांबवा," मी म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडलो.

सयाजी गर्दीतून आला. "आजोबा, तुमी? आज बिल्ला कुठाय?"

"या मुलीला फाट्यावर उतरायचं होतं."

"मी आवाज दिला की."

"तिला ऐकू येत नाही."

"तुमास्नीबी येत नव्हतं."

पुन्हा सगळे हसले.

"मला येतं. पहिल्यापासून येतं," मी म्हणालो. "बिल्ला माझ्या बायकोचा. तिला खरंच येत नव्हतं. राग माझ्यावर काढा. हिची दहाची मुलाखत आहे."

"मग घातलासा कशाला?" पुढून कुणीतरी विचारलं.

"लोक विचारतात म्हणून."

"काय इचारत्यात?"

"हेच," मी म्हणालो.

सयाजीने घंटी मारली. मुलीसमोर वाकून सावकाश म्हणाला, "ताई, माझं चुकलं. फाटा मागं ऱ्हायला." तिने मोबाइलवर वेळ पाहिली. पावणेदहा. तिचा चेहरा उतरला. सयाजी माझ्याकडे वळला. "तुमास्नी ह्यो भाग म्हाईत हाय न्हवं? जावा हिच्यासंगं."

आम्ही दोघं उतरलो. खरं तर मला छापखान्यापलीकडचं काही माहीत नव्हतं. तिकडच्या शेड सगळ्या सारख्याच दिसतात. तिच्या कागदावरच्या कारखान्याचा रस्ता विचारणं भाग होतं. तोंडात गुटखा धरून बोलणाऱ्यांच्या ओठांवरून तिला काही कळत नव्हतं, म्हणजे विचारायचं मीच. चहाच्या गाड्यावर गेलो.

"कुठलं पावणं?" चहावाला म्हणाला. "पोरगी तुमचीच व्हय? मालकीण न्हाई आली?"

"राजारामपुरी. मुलगी माझी नाही. पत्नी गेली गेल्या वर्षी. हिची मुलाखत आहे, उशीर होतोय."

"आरारा, वाईट झालं," तो म्हणाला आणि गाडा तसाच सोडून आम्हाला दोन गल्ल्या पार करून देऊन गेला.

कारखान्याच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा दहाला तीन मिनिटं होती. मुलीने दम घेतला आणि विचारलं, "बसमध्ये सगळे का हसत होते?"

मी तिच्या समोर उभा राहिलो. न ऐकू येण्याचं सोंग मी केलं होतं आणि त्यामुळे कंडक्टरने तुझ्यावर विश्वास ठेवला नाही, असं सावकाश सांगितलं. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"मैत्रिणीही मला म्हणतात, तेजस्वी, तू नाटक करतेस," ती म्हणाली. असू दे, असं म्हणाली नाही. ओढणीवरचा बिल्ला नीट केला आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी बिल्ला डॉक्टरांना परत दिला.

पुढच्या महिन्यात ती त्याच बसमध्ये दिसली, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. फाटा आल्यावर सयाजी गर्दीतून मागे आला, तिच्या पुढच्या दांडीवर हात आपटला, ती उतरली. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. आजही तो मला तिकीट देतो आणि पुढे जातो. एकदा माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात शेजारच्याने विचारलं, "पावणं, पोरं किती तुमास्नी?"

"एक मुलगा," मी म्हणालो. "पुण्याला असतो."