वरच्या ब्लॉकचा नळ

रिकामं घर हा नागरी जीवनातला अत्यंत गंभीर प्रश्न आहे, असं पालिकेचं मत होतं. इतका गंभीर, की त्या फायलीला हात लावायला आठ महिने कोणी धजावलं नाही.

कात्रपला बकुळाबाई रोकड्यांच्या डोक्यावरचा ब्लॉक चौऱ्याण्णव साली बँकेने सील केला. हप्ते थकवून मालक पसार झाला होता. सील ठोकलं तेव्हा पाणी गेलेलं होतं आणि आतला नळ उघडा. संध्याकाळी पाणी आलं, ते बकुळाबाईंच्या शेगडीवर पडू लागलं. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करावा, तर सगळ्यांचंच पाणी जाई आणि शेजारी अंगावर येत. बँक म्हणाली, पालिकेत जा. पोपडे आमटीत पडत होतेच. अख्खा स्लॅब पोरांच्या ताटात यायच्या आधी बाई पालिकेत गेल्या.

"मालकाला नोटीस काढू," कारकून हिरामण म्हणाला.

"मालक पळाला, भाऊ."

"मग राहणाऱ्याला काढू."

"राहतंय कोण? रिकामं आहे म्हणून तर आले!"

"रिकामं आहे, हे राहणाऱ्याने लिहून द्यायला पाहिजे ना, बाई. आम्ही कसं ठरवणार?"

आठ महिन्यांनी नोटीस घेऊन सोमा शिपाई आला. वरच्या दारावर डकवायला खळ बकुळाबाईंनीच शिजवून दिली, एका हातात छत्री धरून.

"ताई, पोचपावतीवर सही टाका. बिनसहीची नेली तर साहेब मलाच सील करतील."

काम पुढे सरकेल म्हणून बाईंनी सही केली. सरकलंही. सही मिळाली, म्हणजे घरात माणूस आहे. माणूस आहे, म्हणजे घर रिकामं नाही. पंधरा दिवसांनी दुसरी नोटीस थेट बकुळाबाईंच्या नावाने आली: 'खालच्या मजल्यावरील श्रीमती बकुळा रोकडे यांच्या तक्रारीवरून आपणांस कळविण्यात येते की, आपला नळ सात दिवसांत बंद करावा.'

बाई तशाच पालिकेत. "अरे, माझी तक्रार माझ्यावरच?"

हिरामणने दोन्ही कागद शेजारी ठेवून नीट वाचले. "मग आपसात मिटवा की!" म्हणाला, आणि शेरा मारला: तडजोडीने निकाली.

स्लॅब रविवारी पडला. पोरं शेजारी टीव्ही बघत होती, म्हणून वाचली. बकुळाबाईंनी भांडीकुंडी टेम्पोत घातली, घराला कुलूप लावलं आणि सोनिवलीला भाड्याने खोली घेतली.

मार्चअखेर पालिकेचा अहवाल निघाला. त्या इमारतीत रिकामी घरं शून्य होती.