गादीत शिवलेली बंदूक

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, हातही वर करू नका. माझ्या पोटात आता गोळी नाही, आणि आजूबाजूला नुसता कापूस आहे. जरा हळू बोलते, कारण माझ्या अंगावर एक गृहस्थ दुपारची झोप काढतायत. त्यांची झोप मोडली की ते सगळ्या गल्लीला फैलावर घेतात.

माझा जन्म लढाईच्या ऐन धामधुमीत झाला. कारखाना रात्रंदिवस धडधडत होता. आम्हा बहिणींना मोजायलाही कुणाला फुरसत नव्हती. ज्या घरात पोरं मोजत नाहीत, तिथं एखादं हरवलं तर संध्याकाळपर्यंत कळत नाही, तशी आमची गत होती.

आम्ही पेट्यांमधून सीमेजवळच्या कोठारात पोचलो आणि लढाईच संपली. दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या, शिपाई घरी गेले. कोठारात उरलो आम्ही आणि आमचा कोठारवाला. त्यानं एके दिवशी रिकाम्या कोठाराला काडी लावली आणि वर कळवलं, की सगळं जळालं, एकही बंदूक वाचली नाही. साहेबलोक हळहळले आणि त्यांनी लगेच नव्या बंदुकांची मागणी नोंदवली. आम्ही मात्र आदल्या दिवशीच गवताच्या गाडीतून बाहेर पडलो होतो. सरकारच्या लेखी माझी राख झाली आहे. आता राखेवर कोण कशाला पहारा ठेवेल?

कोठारवाल्यानं नोकरी सोडली आणि तो गावोगाव सुईदोरा, बटणं आणि साबणाच्या वड्या विकू लागला. गोड बोलायचा, म्हणून लोक त्याला मामा म्हणायचे. साबणाच्या खोक्यांखाली आम्ही असायचो. लढाई संपली की माणसांच्या मनात भीती उरते आणि कोठारात बंदुका उरतात. या दोन्हींची गाठ घालून देणं हाच मामाचा खरा धंदा होता.

असा तो एका गल्लीत आला. गल्लीच्या एका बाजूला गादीवाल्याचं दुकान, बरोब्बर समोर लॉन्ड्री. गादीवाला कापूस पिंजायला बसला की तो उडून लॉन्ड्रीवाल्याच्या ओल्या कपड्यांवर चिकटायचा. लॉन्ड्रीवाल्यानं टब ओतला की साबणाचं पाणी वाहत जाऊन गादीवाल्याच्या कापसाच्या गठ्ठ्यांत शिरायचं. मग दोघं आपापल्या पायरीवर उभे राहून एकमेकांचा उद्धार करायचे. पोटभर भांडण झालं की दोघांनाही चांगली भूक लागायची. त्यांच्या बायकांची मात्र मागच्या दारानं छान देवाणघेवाण चालू असे.

मामानं हे भांडण ऐकलं आणि त्याचे डोळे लकाकले. तो गादीवाल्याकडे दोरा द्यायला गेला आणि कानाशी लागला.

"शेठ, समोरच्यानं बंदूक घेतलीय म्हणे. मी काही पाहिलेली नाही हं! कानावर आलं ते सांगितलं. आपल्याला काय करायचंय?"

गादीवाल्याची पाचावर धारण बसली. भित्र्या माणसाला बंदूक विकणं फार सोपं असतं. मामानं मला बाहेर काढलं, कौतुकानं पुसलं आणि वर एक गोळी फुकट दिली. गोळी आत कशी घालायची ते नीट दाखवलं. बाहेर कशी काढायची ते दाखवायला मात्र त्याला वेळ नव्हता. मोठमोठ्या लढायांचंही असंच होत असावं, असं मला पुढं पुष्कळदा वाटलं.

आता भरलेली बंदूक लपवायची कुठं? गादीवाल्याच्या मते जगात लपवण्यासारखी एकच जागा होती. त्यानं एक गादी उसवली, मला मधोमध निजवलं, वर कापूस दाबला आणि कडेनं दुहेरी शिलाई घातली. मग ती गादी ढिगाच्या तळाशी सारून तो निर्धास्त झाला. बायकोला काही बोलला नाही. मला विचाराल तर जागा उत्तम होती. मऊ, उबदार आणि कुणाच्या खांद्यावर लटकणं नाही.

पुढच्याच आठवड्यात लॉन्ड्रीवाल्याची पाठ धरली. इस्त्री करता करता वाकला तो सरळच होईना. त्याची बायको मागच्या दारानं आली.

"वहिनी, एखादी चांगली गादी द्या हो. ह्यांना सांगणार नाही तुमची आहे म्हणून. बाजारातून आणली म्हणेन."

गादीवालीनं सगळा ढीग उपसला. तळाशी एक गादी दिसली, तिला चक्क दुहेरी शिलाई. आपल्या नवऱ्यानं उभ्या जन्मात एकेरीवर दुसरा टाका घातला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक. ही नक्कीच कुणा बड्या गिऱ्हाइकासाठी खास केलेली असणार! मैत्रिणीला द्यायची तर हीच द्यावी, असं म्हणून तिनं मला मागच्या दारानं पाठवून दिलं.

अशी मी, ज्याच्यावर रोखण्यासाठी विकत घेतली होती, त्याच्याच पाठीखाली जाऊन पोचले. आणि गंमत बघा, त्याची पाठ बरी झाली! मधोमध कडक आणि दोन्हीकडे मऊ, अशी गादी त्याला कधी मिळालीच नव्हती. चार दिवसांत तो ताठ उभा राहून पूर्वीसारखा शिव्या देऊ लागला. त्याची नात तर माझ्यावर तासन्‌तास उड्या मारायची. तिची उडी पडली की माझा चाप थरथरायचा. मी बंदूक असूनही देवाचा धावा करत होते.

इकडे गादीवाल्यानं एकदा सहज ढीग पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, तळाची गादी कुठाय?"

"दिली समोरच्या वहिनींना. भाऊजींची पाठ दुखत होती. आता ओरडू नका, त्यांना बरं वाटलंय. नातही दिवसभर तिच्यावरच नाचत असते."

गादीवाला दाराकडे धावला आणि उंबऱ्यावरच थबकला. बोलावं तर चोरीची बंदूक घेतल्याची कबुली, तीही समोरच्यावरच रोखायला घेतलेली. न बोलावं तर ती पोरगी. समोरच्या खिडकीतून तिच्या दोन वेण्या वर-खाली होताना दिसत होत्या. ते पाहिलं मात्र, तो अनवाणीच रस्ता ओलांडून पळत गेला.

"काय रे, आता घरात येऊन कापूस उडवणार का?" लॉन्ड्रीवाला दारातच कडाडला.

"आधी पोरीला उचल! गादीवरून उचल तिला!"

"का? गादी काय तुझ्या बापाची आहे?"

"माझीच आहे! तिच्यात बंदूक आहे. भरलेली."

लॉन्ड्रीवाला पांढराफटक पडला. त्यानं नातीला उचललं आणि छातीशी घट्ट धरून तो भिंतीला टेकून उभा राहिला. गादीवाला गुडघ्यांवर बसून टाके उसवू लागला, पण दुहेरी शिलाई काही सुटेना.

"कसली रे मेल्या ही शिलाई! गिऱ्हाइकाला कधी अशी घातली नाहीस!" लॉन्ड्रीवाला ओरडला.

शेवटी मी बाहेर आले. पण गोळी कशी काढायची? लॉन्ड्रीवाल्यानं नातीला आजीकडे दिलं, मला हातात घेतलं आणि खटकन गोळी काढून खिडकीत ठेवली. गादीवाला बघतच राहिला.

"तुला कसं येतं रे हे?"

लॉन्ड्रीवाला मान खाली घालून आत गेला. इस्त्रीच्या टेबलावरच्या कांबळ्यांचे थर वर करून त्यानं माझ्याच कारखान्यातली, माझ्या पाठची बहीण बाहेर काढली.

"घरात पोर आहे, म्हणून गोळी काढायला आपलं आपणच शिकलो. तू बंदूक घेतलीस असं मामा म्हणाला," तो पुटपुटला.

"आणि मला म्हणाला, तू घेतलीस!"

दोघांनी आम्हाला जमिनीवर ठेवलं. मग गादीवाला ओक्साबोक्शी रडायला लागला. "पोरगी गेली असती रे. कापसापायी गेली असती." लॉन्ड्रीवाल्यानं आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि तो म्हणाला, "पण गादी फार सुरेख आहे हं."

दोघांनी आमचे चाप काढून वितळवायला दिले आणि गोळ्या नदीत टाकल्या. आम्हा बहिणींना शेजारी शेजारी निजवून गादी पुन्हा शिवली. कापूस अजून उडतो, पाणी अजून वाहतं, भांडणंही रोज होतात.

काल मामा आला होता. सीमेपलीकडे पुन्हा लढाई पेटलीय, जुना माल परत हवाय, चौपट भाव आहे. तो लॉन्ड्रीत शिरला आणि थेट आमच्यावरच येऊन बसला.

"तुमच्याकडची ती वस्तू देता का?" त्यानं लाडानं विचारलं.

"कसली वस्तू? आमच्याकडे साबण आहे," लॉन्ड्रीवाला म्हणाला. इतक्यात गादीवालाही येऊन दारात उभा राहिला होता, हातात कापूस पिंजायची काठी घेऊन. मामानं त्याच्याकडे पाहिलं, तर त्यानं काठी खांद्यावर घेतली.

मामा अवघडून इकडे-तिकडे सरकला. "गादी जरा टोचते हो."

"ज्याची पाठ सरळ आहे, त्याला नाही टोचत," लॉन्ड्रीवाला म्हणाला.

मामा गेला, पण तो परत येईल. तुमच्याही गल्लीत येईल आणि समोरच्याबद्दल काहीबाही सांगेल. तेव्हा एवढंच करा, आधी रस्ता ओलांडून समोरच्याला विचारा. आणि आमचा पत्ता त्याला देऊ नका. माणसं मारायला जन्माला घातलेल्या आम्ही दोघी. पण आजवर आमच्या हातून घडलं ते इतकंच, की एका म्हाताऱ्याची पाठ बरी झाली. ते काम आम्हाला फार आवडलंय.