सहा ते सात

वसमतच्या कचेरीत कारकून असलेला धम्मानंद दहा दिवसांच्या ध्यान शिबिराहून हट्ट्याला परतला, तेव्हापासून घरात नवा नियम आला. सकाळी सहा ते सात तो समोरच्या खोलीत ध्यानाला बसणार आणि त्या तासात घरात आवाज होणार नाही. बायको करुणा सातपर्यंत कुकर चढवत नसे. मोबाइल उशीखाली जात. नऊ वर्षांची सपना शाळेची कविता ओठ मिटून पाठ करी.

त्याला शिबिराला धाडलं होतं त्याच्या आईनं, जनकाबाईनं. पोराच्या संतापाला सगळं घर भीत होतं. तो निवेल, अशी तिची आशा होती.

चाळीस दिवस एकही खाडा झाला नाही. कचेरीत धम्मानंद हे आवर्जून सांगे.

एक्केचाळिसाव्या दिवशी शेजारच्या खळ्यावर आठवडाभर दुपारी चालणारा हळद पॉलिश करायचा ड्रम सकाळीच सुरू झाला. तो खडखडाट त्यानं कसाबसा सोसला. मग आतून दबका खोकला आला. पुन्हा आला. तिसऱ्यांदा तो उठलाच.

"एक तास! या घरात एक तास शांतता मिळू नये?"

आत सपना गोधडीचं टोक तोंडात कोंबून बसली होती. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. बापाला पाहताच तिनं ते आणखी दाबलं. हळदीच्या धुळीनं तिला आठवडाभर खोकला होता. सहा ते सात ती तो असाच आवरत होती. घरात हे फक्त धम्मानंदला ठाऊक नव्हतं.

जनकाबाईनं तिच्या हातून गोधडी काढून घेतली. आवाज न चढवता ती म्हणाली, "तू तिकडं श्वास पाहून राहिला, अन् लेकरू इकडं श्वास कोंडून राहिलं."

"पण आई, शिबिरात..."

"शिबिर मी बी केलंय. तिथं जो बसतो तोच मौन पाळतो, बाबा. इथं बसतो तू अन् मौन पाळतो आमी. खोकला ऐकून तुझ्या आत काय उठलं, ते पाहिलं का? पाहायचं तर तेच होतं."

धम्मानंदनं दिवस मोजले होते. रागाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. घर गप्प होतं, म्हणून आपण शांत झालो असं तो समजत होता.

कचेरीला सुट्टी टाकून त्यानं त्याच दिवशी सपनाला डॉक्टरकडे नेलं.

दुसऱ्या दिवशी सहाला त्यानं आपलं आसन स्वयंपाकघराच्या दारात टाकलं आणि करुणाला कुकर चढवायला सांगितलं.

"बसलाच आहात तर शिट्ट्या मोजा," करुणा म्हणाली. "तीन झाल्या की सांगा."

शिट्टी झाली. बाहेर ड्रम खडखडला. प्रत्येक वेळी त्याचा जबडा आवळला. तो आवळताना त्यानं पाहिला आणि सैल होतानाही पाहिला. सपनाला खोकला आला. सवयीनं तोंडावर हात नेत तिनं बापाकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेलेच होते. कपाळावर आठी नव्हती. तिनं हात खाली घेतला आणि पोटभर खोकली.

आपल्यापैकी अनेकजण हल्ली ध्यानाला बसतात, ही चांगली गोष्ट आहे. मात्र आपली शांतता घरच्यांच्या धाकावर तर उभी नाही ना, हे प्रत्येकानं तपासावं. ज्याच्या शेजारी लेकराला मोकळेपणी खोकता येतं, त्याचं ध्यान लागू लागलं म्हणायचं.