डाळ न शिजण्याचं वर्ष

दोन हजार तीन साली माझी रीटा इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. शेवटच्या वर्षाला तिला एक जुनी अमेरिकन कादंबरी होती. मला इंग्रजी कुठलं यायला? रोज संध्याकाळी ती मराठीतून गोष्ट सांगायची आणि मी मुकाट्याने ऐकायचो. मुकाट्याने, कारण गोष्टीतला म्हातारा आपली सफरचंदांची बाग रेल्वे कंपनीला विकतो, आणि मीही सात वर्षांपूर्वी उमेळ्याची आमची केळीची वाडी बिल्डरला विकली होती. त्याच जागेवरच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहत होतो.

वाडी गेली तेव्हा रीटा तेरा वर्षांची. महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. पुढे बोलायला लागली, पण तो विषय काही कोणी काढला नाही.

आता तिने निबंध लिहून मला वाचून दाखवला. म्हातारा लोभी, बापजाद्यांची जमीन फुंकून मोकळा झाला, असं सगळं. मेल्या म्हाताऱ्या, तुला माझंच घर सापडलं काय? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोरगी माझ्याबद्दलच लिहितेय, असं वाटत राहिलं.

चार दिवसांनी निबंध परत आला. कॉलेजच्या बाईंनी खाली लिहिलं होतं, माणसाला नावं ठेवण्याआधी त्याचा काळ बघ, तिथलं पाणी कोणी नेलं ते शोध. रीटाने पुस्तक पुन्हा काढलं. म्हाताऱ्याच्या बागेच्या वरच्या अंगाला खाणी निघाल्या होत्या, त्यांनी नदी वळवली होती. दोनच ओळी होत्या, तिने गाळलेल्या.

त्या संध्याकाळी ती वही घेऊन माझ्यासमोर बसली.

"पप्पा, आपली विहीर खारी कधी झाली?"

आधी कळलंच नव्हतं, मी म्हटलं. टँकर गावाचं गोडं पाणी उपसून नेत होते, विहिरीत खारं पाणी शिरत होतं आणि त्या पाण्यात आमच्या घरात डाळ शिजेना. मी वर्षभर तुझ्या आईला बोललो, साधी डाळ जमत नाही म्हणून. केळीची पानं कडेने करपली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. पुढे दोन वर्षं तग धरला, मग सही केली. सांगताना रडलो मी, खोटं कशाला बोलू.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

तिने जुना निबंध फाडला आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. तोवर बर्था, माझी बायको, पदराला हात पुसत स्वयंपाकघराच्या दारात आली होती.

"म्हाताऱ्याचं नंतर," ती म्हणाली. "आधी लिही, आईच्या डाळीत खोट नव्हती."

"लिही," मी म्हटलं. "खाली सही मी करतो."